प्रगती, ससा आणि चाक्या म्हसोबा

मुंबईच्या बोरीबंदर स्थानकाच्या मधल्या घुमटावर एक पाषाणमूर्ती उभी आहे. तिच्या उजव्या हातात उंच धरलेली मशाल आहे, डाव्या हाताशी आऱ्यांचे चाक आहे. टॉमस अर्प या इंग्रज शिल्पकाराने घडवलेल्या या स्त्रीचे नाव ‘प्रगती’. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुविशारदाने रचलेल्या या इमारतीचे काम १८७८ मध्ये सुरू झाले आणि १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, तिला राणीचे नाव मिळाले. पुढे राणीचा पुतळा तेथून गेला. १९९६ मध्ये स्थानकाचे नाव बदलले. २००४ मध्ये इमारतीची जागतिक वारशाच्या यादीत नोंद झाली. २०१७ मध्ये नावात ‘महाराज’ हा शब्द जोडला गेला. घुमटावरची बाई मात्र जागची हलली नाही. खालच्या गर्दीत तिच्याकडे मान वर करून पाहणारा माणूस क्वचितच सापडतो. लाखो लोक रोज जिच्या पायांखालून ये-जा करतात, ती मूर्ती कोणाची हे त्यांना ठाऊक नसावे, ही एरवी लोकांच्या उदासीनतेची गोष्ट ठरली असती. येथे तो दोष मूर्तीचा आहे, असे म्हणायला जागा आहे.

वाफेचे यंत्र एकोणिसाव्या शतकाच्या डोळ्यांपुढे आले तेव्हा त्याच्यासाठी कोणतीच प्रतिमा तयार नव्हती. सूर्याला रथ होता, नदीला मगर होती, वाऱ्याला हरिण होते. वाफेला वाहन नव्हते आणि दैवतही नव्हते. ज्याला परंपरेने नाव दिलेले नाही, अलंकारशास्त्राने स्थान दिलेले नाही, अशी एक प्रचंड वस्तू एकाएकी माणसाच्या अनुभवविश्वात शिरली. तिला प्रतीकरूप देण्याचे जे प्रयत्न झाले त्यांपैकी बोरीबंदरचा घुमट हा एक आहे. लंडनच्या नॅशनल गॅलरीतले टर्नरचे एक चित्र हा दुसरा. तिसरा प्रयत्न कोणा एका कलावंताचा नाही. तो मराठी लोकांच्या तोंडी रुळलेल्या दोन शब्दांत आहे. या तिन्हींकडे एकत्र पाहण्याचे कारण वाङ्मयीन आहे. मराठी कवितेतील यंत्राच्या प्रतिमांविषयी समीक्षेत आणि विशेषतः महाविद्यालयीन अध्यापनात जे बोलले जाते, त्यात घुमटावरच्या मूर्तीची रीत फार खोल मुरली आहे.

ही रीत कोणती? अर्पच्या मूर्तीत कल्पना आधी ठरली आहे आणि देह नंतर आला आहे. प्रगती म्हणजे प्रकाश, म्हणून मशाल. प्रगती म्हणजे गती, म्हणून चाक. आणि युरोपीय शिल्पपरंपरेत अमूर्त गुणांना स्त्रीदेह देण्याची चाल आहे, म्हणून स्त्री. तिन्ही गोष्टींची बेरीज केली की उत्तर मिळते आणि उत्तर मिळाल्यावर मूर्तीकडे पुन्हा पाहण्याचे प्रयोजन उरत नाही. याला रूपकात्मकता म्हणावे, प्रतीकात्मकता म्हणू नये. मराठी वाचकाला हा भेद अपरिचित नाही. वि. स. खांडेकरांनी रूपककथा हा प्रकार मराठीत रुजवला, तेव्हा त्याची शक्ती आणि मर्यादा या दोन्ही गोष्टी वाचकांच्या लक्षात आल्या होत्या: कथेतला दगड, फूल किंवा पणती ज्या क्षणी आपला अर्थ सांगून टाकते त्या क्षणी ती दगड, फूल वा पणती राहत नाही. प्रतीकात असे घडत नाही. तेथे वस्तू अर्थाला जन्म देते आणि अर्थ देऊनही स्वतः संपत नाही.

तरी या इमारतीवर सरसकट शेरा मारणे अन्यायाचे होईल. दर्शनी त्रिकोणांवर अभियांत्रिकी, शेती, व्यापार यांच्या अशाच रूपकात्म मूर्ती आहेत आणि प्रवेशद्वाराच्या खांबांवर ब्रिटनचा सिंह व हिंदुस्थानचा वाघ बसवले आहेत. त्यांच्याविषयी वर लिहिलेल्यापेक्षा वेगळे काही सांगण्यासारखे नाही. पण नजर थोडी खाली आणली, तर कमानींच्या कडांवर, खांबांच्या माथ्यांवर दगडात कोरलेली पाने, वेली, पक्षी, माकडे, घुशी दिसू लागतात. हे काम मुख्यत्वे सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेतील विद्यार्थ्यांच्या हातचे. याच शाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून पुढे कित्येक वर्षे आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेत होते. म्हणजे अजिंठ्याच्या लेण्यांत ज्या शाळेचे हात वेली आणि हंस गिरवत होते, त्याच शाळेचे हात आगगाडीच्या स्थानकासाठी वेली कोरत होते. त्या वेलींना आगगाडीविषयी काहीच सांगायचे नाही. कदाचित म्हणूनच त्या जिवंत आहेत. दगडी पदकांत रेल्वे कंपनीच्या संचालकांचे चेहरे आहेत. त्यांत जमशेटजी जिजीभाई आहेत, नाना शंकरशेट आहेत. घुमटावरच्या प्रगतीचे खरे यजमान तेच. तिची मशाल ज्यांच्या डोळ्यांसाठी पेटवली होती, ते डोळे भागधारकांचे होते.

टर्नरचे चित्र याच्या ४३ वर्षे आधीचे. ‘पाऊस, वाफ आणि वेग – ग्रेट वेस्टर्न रेल्वे’ हे त्याचे नाव. १८४४ मध्ये रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात ते लागले तेव्हा टर्नरचे वय ६९ होते. समुद्र, वादळ, जळती जहाजे, धुक्यातून उगवणारे सूर्य यांचा हा चित्रकार; आयुष्याच्या अखेरच्या पर्वात त्याने लोखंडी रूळ विषय म्हणून निवडावेत, याचे त्या काळी अनेकांना नवल वाटले. कादंबरीकार थॅकरे याने प्रदर्शनावर लिहिताना वाचकांना गमतीने बजावले होते, की गाडी भिंतीतून बाहेर निघून जाण्याच्या आत चित्र पाहून घ्या. थट्टेचा सूर असला तरी चित्राचे मर्म त्यात नेमके पकडलेले आहे. हे चित्र गाडीचे नाही, येण्याचे आहे.

चित्रफलक फार मोठा नाही, सुमारे तीन फूट उंच आणि चार फूट रुंद. मेडनहेडजवळ टेम्स नदीवर ब्रुनेल या अभियंत्याने बांधलेला विटांचा पूल उजव्या खालच्या कोपऱ्याकडून तिरका आत गेला आहे आणि त्यावरून गाडी पाहणाऱ्याच्या अंगावर येते आहे. हा पूल त्या काळी स्वतःच एक नवल होते. त्याच्या दोन कमानी इतक्या रुंद आणि इतक्या चपट्या होत्या की त्या कोसळतील असे भाकीत करणाऱ्यांची वाण नव्हती. त्या कोसळल्या नाहीत. डावीकडे, बऱ्याच अंतरावर, अठराव्या शतकातला जुना रस्त्याचा पूल धूसर दिसतो. खाली नदीत एक लहानशी होडी आहे. उजवीकडे, फार बारकाईने पाहिले तर, नांगर धरलेला शेतकरी आहे. बाकी सगळा पाऊस आहे, सोनेरी, राखाडी, मातकट असा पाऊस. त्यात आकाश कोठे संपते आणि नदी कोठे सुरू होते हे रंगाच्या जाड थरांवरून ठरवता येत नाही. त्या साऱ्या विरघळलेल्या जगात कठीण, काळे आणि निश्चित असे एकच आहे: इंजिनाचे धुराडे.

या इंजिनात एक ‘चूक’ आहे आणि ती महत्त्वाची आहे. इंजिनाच्या तोंडाशी, अगदी पुढच्या बाजूला, तांबडा-पांढरा निखारा धगधगताना दिसतो. खऱ्या इंजिनात अग्निपेटी मागे, चालकाच्या पायांशी असते. पुढून पाहणाऱ्याला ती दिसण्याचा प्रश्नच नाही. टर्नरला हे ठाऊक नसेल असे मानणे कठीण आहे. त्याने यंत्राचे पोट उघडून त्यातला अग्नी बाहेर आणला. अर्पने प्रगतीच्या हातात मशाल दिली, तेव्हा तो अग्नी बाहेरून आणून हातात ठेवला होता. टर्नरचा अग्नी यंत्राच्या पोटातला आहे. दोन्हींत वास्तवाला सोडले आहे, पण एकात सोडून संकेताकडे गेले आहे आणि दुसऱ्यात वस्तूच्या अधिक आत.

आणि ससा. रुळांवर, इंजिनाच्या थोडे पुढे, एक ससा जिवाच्या आकांताने धावतो आहे. आज तो जवळजवळ दिसत नाही; काळाच्या ओघात रंग झिजून, पारदर्शक होऊन, तो पुलाच्या तपकिरी रंगात बुडत चालला आहे. चित्रकार लेस्ली याच्या मुलाने पुढे लिहून ठेवले आहे, की प्रदर्शन उघडण्यापूर्वी टर्नर चित्रावर अखेरचे हात फिरवत होता तेव्हा आपण लहान होतो आणि त्याने तो ससा आपल्याला मुद्दाम दाखवला. नावातला ‘वेग’ गाडीचा की सशाचा, हा प्रश्न या आठवणीपासून सुरू होतो आणि त्याचे उत्तर देण्याची घाई चित्राच्या अभ्यासकांनी बरीच केली आहे. एका पक्षाच्या मते ससा म्हणजे निसर्ग, इंजिन म्हणजे उद्योगयुग, आणि चित्र म्हणजे निसर्गाच्या चिरडण्यावरचा शोक. दुसऱ्या पक्षाच्या मते टर्नर नव्या युगाने भारावला होता. ससा हा गतीचा जुना संकेत, तो नव्या गतीचे माप म्हणून ठेवला आहे. पहिल्या पक्षाला नांगरधारी शेतकरी आणि होडी साक्षीला मिळतात, दुसऱ्याला चित्रातला उघड उत्साह.

दोन्ही पक्ष चित्राला घुमटावरची मूर्ती करू पाहतात. चित्रात ससा अजून चिरडलेला नाही आणि सुटलेलाही नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना पुलाचे कठडे आहेत, म्हणजे बाजूला उडी घेण्याची वाट नाही. पुढे मात्र मार्ग मोकळा आहे. गाडी त्याला गाठील की नाही हे इंजिनाच्या वेगावर अवलंबून आहे आणि तो वेग टर्नरने पाहणाऱ्याच्या छातीत ठेवला आहे. जो भ्यायला तो सशाबरोबर धावतो, जो हर्षला तो गाडीबरोबर. बहुतेक जण एकाच वेळी दोन्हींबरोबर धावतात. टर्नरने वादळी पावसात धावत्या गाडीच्या खिडकीतून डोके बाहेर काढून बराच वेळ पाहिले होते, अशी एका सहप्रवासिनीच्या नावावर चालत आलेली आख्यायिका आहे. तिचा खरेपणा कसाही असो, चित्राचे कूळ ती बरोबर सांगते. हे प्रतीक प्रवाशाच्या भिजलेल्या तोंडावर जन्मले. त्यामुळे त्यात भय आणि आनंद वेगळे काढता येत नाहीत.

हिंदुस्थानात पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. १४ डबे, तीन इंजिने, सुमारे ४०० निमंत्रित, २१ तोफांची सलामी हा तपशील शाळकरी पुस्तकांतूनही येतो. गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ सालचे, म्हणजे गाडी सुरू झाल्यावर दहाच वर्षांनी निघालेले. नव्या शहराविषयी त्यांचे कुतूहल सुशिक्षिताचे, व्यवस्थित आणि कौतुकाने भरलेले आहे. पण गाडीला खरे नाव सुशिक्षितांनी दिले नाही. ज्यांनी ती रुळांच्या कडेला उभे राहून पाहिली, त्यांनी तिला ‘चाक्या म्हसोबा’ म्हटले. प्रबोधनकार ठाकरे यांच्या जुन्या आठवणींमुळे हे नाव आजच्या वाचकापर्यंत पोचले. (थॅकरे आणि ठाकरे यांच्या आडनावांचे रोमन लेखन एकच आहे आणि दोघांनीही गाडीपुढे भांबावलेल्या माणसाची नोंद केली, ही एक जाता जाता लक्षात ठेवण्यासारखी गंमत.)

या नावाकडे हसण्यापलीकडे फारसे कोणी पाहिलेले दिसत नाही. नव्या वस्तूला जुन्या देवाचे नाव देणे हा अडाणीपणाचा नमुना, असाच त्याचा उल्लेख होत आला. वस्तुतः हे नाव फार विचारी आहे. मराठी देवमंडळात देवांची वाण नव्हती. वेगच सांगायचा तर मारुती होता, अग्नीच सांगायचा तर अग्निनारायण होता, रथच म्हणायचे तर सूर्यनारायण होता. लोकांनी म्हसोबा निवडला. म्हसोबा हा शिवेवरचा देव. त्याला बहुधा हातपाय नसतात, नाकडोळे नसतात. शेंदूर फासलेला एक तांदळा असतो. तो गावाच्या आत नसतो, हद्दीवर असतो. तो प्रसन्न झाला तर राखण करतो, कोपला तर बळी मागतो, आणि त्याचे नाते महिषाशी, म्हणजे एका असुराशी आहे. दा. ध. कोसंबी यांनी या देवाचा माग काढत पुण्याच्या आसपासची शिवारे पायी तुडवली. तेच कोसंबी मुंबईच्या मूलभूत संशोधन संस्थेत नोकरीला असताना पुण्याहून ‘डेक्कन क्वीन’ने ये-जा करीत. म्हसोबा आणि चाक यांची अशी गाठ दुसऱ्या कोणाच्या चरित्रात पडलेली नसेल.

आता नावाचे दोन भाग शेजारी ठेवून पाहावेत. तांदळा जागचा हलत नाही; ते त्याचे लक्षणच आहे. शिवेवरचा देव हलला तर शीवच राहत नाही. ‘चाक्या’ हे विशेषण त्या अचल देवाला चाके लावते. ज्याच्यामुळे गावाची हद्द कळत होती तोच आता हद्द ओलांडून धावू लागला आहे, हा सगळा विस्मय आणि हे सगळे भय त्या एका विशेषणात आहे. त्यात बळीची सूचनाही आहे. रूळ टिकावेत म्हणून त्यांखाली माणसे पुरतात अशा अफवा त्या काळी उठल्या होत्या. त्या अफवा खोट्या होत्या, पण फार लवकरच त्यांच्याहून कठोर असे सत्य घडले. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटाची चढण बांधली गेली तेव्हा पटकीने, तापाने, सुरुंगांनी आणि दरडींनी हजारो मजूर मेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेलही १८५९ मध्ये मरण पावला आणि त्याची पत्नी ॲलिस हिने ते काम पुढे चालवले. मजुरांची नावे कोठे कोरलेली नाहीत. म्हसोबाने बळी घेतला, असे कोणी म्हटले असेल तर त्याने अलंकार वापरला होता असे म्हणवत नाही.

‘प्रगती’ या मूर्तीत हे काहीच नाही. तिच्या चाकाखाली कोणी सापडत नाही. टर्नरच्या चित्रात मात्र ते आहे, आणि म्हणूनच लंडनचा तो ससा आणि कोकण-घाटावरचा हा म्हसोबा एकमेकांना अधिक जवळचे आहेत. भेद आहे तो उभे राहण्याच्या जागेचा. टर्नर गाडीत बसला होता. चाक्या म्हसोबा म्हणणारा माणूस बाहेर, शेताच्या बांधावर होता.

१८८७ हे साल आणखी एका ठिकाणी भेटते. त्याच वर्षी काशीला गंगेवरचा रेल्वेपूल खुला झाला. लॉर्ड डफरिनचे नाव असलेला हा पूल पुढे पंडित मदनमोहन मालवीयांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. काशी हे मराठी माणसाला परके गाव नाही. तेथल्या घाटांची दगडी बांधणी ही पुष्कळ अंशी मराठ्यांची आहे. अमृतराव घाट हे त्याचे एक उदाहरण. रघुनाथरावांचे दत्तकपुत्र अमृतराव यांनी १८०३ मध्ये इंग्रजांशी तह केला, सात लाखांची वार्षिक नेमणूक घेतली आणि उरलेले आयुष्य उत्तरेत काढले. १८२४ मध्ये ते वारले. राज्य सोडलेल्या माणसाने बांधलेल्या त्या पायऱ्यांत राज्याचा काहीच दिमाख नाही. भरदार दगड, सरळ रेषा, आणि पाण्यापर्यंत उतरण्याची सोय. घाट हेही एक तंत्र आहे, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. दरवर्षी कित्येक हात चढणाऱ्या नदीच्या काठाला माणसाचे पाऊल ठरेल अशी जागा करणे हे सोपे स्थापत्य नव्हे. पण घाट नदीला ओलांडत नाही. तो तिच्यापाशी थांबतो. काशीच्या वाटेवरच्या कर्मनाशेवर, जिच्या पाण्याच्या स्पर्शाने पुण्य नष्ट होते अशी समजूत, नाना फडणविसांनी यात्रेकरूंसाठी पूल बांधायला घेतला होता. पाया न लागल्याने तो अपुरा राहिला आणि पुढे काशीच्या राजा पटनीमलांनी जेम्स प्रिन्सेपच्या आराखड्यावरून तो पुरा केला. तेथेही पूल हवा होता तो श्रद्धेच्या सोयीसाठी. विष्णुभट गोडसे वरसईहून १८५७ मध्ये पायी निघाले आणि खांद्यावर गंगेची कावड घेऊन परतले, तेव्हा मुंबई-ठाण्याची गाडी सुरू होऊन चार वर्षे झाली होती. ‘माझा प्रवास’ मधल्या साऱ्या अंतरांना पायांचे माप आहे.

काशीच्या रेल्वेपुलाला प्रतीकरूप देण्याचा मोठा प्रयत्न रडयार्ड किपलिंगने ‘द ब्रिज बिल्डर्स’ या कथेत केला. कथा १८९३ सालची. किपलिंगचा जन्म मुंबईचा, आणि तोही जमशेटजी कलाशाळेच्या आवारातला. त्याचे वडील तेथे शिल्पकला शिकवीत. कथेत काशीचा पूल पुरा होत आला असतानाच गंगेला पूर येतो. थकलेला इंग्रज अभियंता आपल्या मुकादमाने दिलेल्या अफूच्या अमलात एका बेटावर वाहत जातो आणि तेथे देवांची पंचायत भरलेली पाहतो. गंगा मगरीच्या रूपाने फिर्याद करते, की माणसांनी आपल्याला साखळदंड घातले. गणपतीला तक्रार नाही. आगगाड्यांनी यात्रेकरू वाढले आहेत. कृष्ण सांगतो, की लोक नव्या गोष्टींकडे वळतील आणि देव हळूहळू लहान होतील.

ही पंचायत हा कथेचा कळस आहे आणि तिची पडझडही तेथेच आहे. देवांना बोलके करून किपलिंगने पुलाचा अर्थ त्यांच्याकडून वदवून घेतला. मगर, वानर, हत्ती ही रूपे प्रारंभी थरारून सोडतात. पण पाच-सहा संवादांनंतर त्या घुमटावरच्या मूर्तीच बोलत असल्यासारखे वाटू लागते. शिवाय सकाळ होते, अफू उतरते, पूल टिकलेला असतो आणि गोऱ्या अभियंत्याला काहीच आठवत नाही. आठवते ते मुकादमाला. किपलिंगच्या प्रतिभेचा खरा अंश या एका तपशिलात आहे, आणि त्याने त्याचे पुढे काहीच केले नाही. पुराच्या रात्रीचे वर्णन मात्र टर्नरच्या तोडीचे आहे. तेथे अर्थ सांगणारे कोणी नाही. दगड, पाणी, दोरखंड आणि लोखंड आहे.

मराठी कवितेकडे यावे. बा. सी. मर्ढेकरांच्या १९४७ च्या ‘काही कविता’ या संग्रहापासून यंत्र मराठी कवितेच्या गाभ्यात आले, हे सर्वमान्य आहे. पण त्यांची कविता शिकवली जाते ती कशी? पिंपातले उंदीर म्हणजे यंत्रयुगातील माणसाची विफलता. दिवे, खांब, भोंगे, गिरण्या म्हणजे निर्जीव महानगर. एकूण आशय, यंत्रसंस्कृतीत माणुसकीचा अंत. प्रत्येक प्रतिमेसमोर तिचा अर्थ लिहिलेली चिठ्ठी चिकटवून विद्यार्थी परीक्षेला बसतो. ज्या कवीने ‘सौंदर्य आणि साहित्य’ मध्ये कलाकृतीच्या घाटाचा, लयीचा इतका कसून विचार केला, त्याच्या कवितेच्या वाट्याला ही वजाबाकी यावी, हे दुर्दैव आहे. उंदरांच्या कवितेत उंदीर आधी उंदीर आहेत: ओले, मेलेले, डोळे उघडे. त्यांची शिसारी वाचकाच्या अंगावर आल्यावाचून पुढचे काही घडत नाही. ‘विफलता’ हा शब्द पाठ असलेल्या विद्यार्थ्याला ती शिसारी येतच नाही. त्याला उत्तर आधीच मिळालेले असते.

मर्ढेकरांच्या कवितेत एक गोष्ट आहे जी या चिठ्ठीवाचनातून हमखास निसटते. त्यांनी यंत्राची कविता अनेकदा अभंगाच्या आणि ओवीच्या घाटात लिहिली. याचे स्पष्टीकरण बहुधा विरोधाभास या एका शब्दात दिले जाते: पवित्र घाट, अपवित्र आशय. हे अपुरे आहे. संतांच्या कवितेत यंत्र नव्हते असे नाही. गोरोबांचे चाक, सावतोबांची मोट, सेना न्हाव्याचा आरसा, जनाबाईचे जाते ही त्या काळची हत्यारेच होती, आणि ती ज्या सहजतेने प्रतीक झाली त्या सहजतेचे रहस्य उघड आहे. ती हाताळणाऱ्याच्या हातची होती. चाक कोण फिरवतो हे गोरोबांना विचारावे लागत नव्हते. आगगाडीचे चाक दुसऱ्याच्या मालकीचे, दुसऱ्याने फिरवलेले आणि दुसऱ्याच्या वेळापत्रकावर धावणारे. म्हणून तिला म्हसोबा म्हणावे लागले. मर्ढेकर हे त्या दुसऱ्याच्या चाकाला हातच्या चाकाची लय लावू पाहतात. लय कधी लागते, कधी करकरते. त्यांच्या कवितेतले जे करकरणे काही समीक्षकांना दुर्बोधता वाटले, ते पुष्कळदा हेच आहे. ते कानाने ऐकावे लागते. अर्थाच्या चिठ्ठीवर ते उमटत नाही.

आणि हा प्रयोग मर्ढेकरांच्या आधीच, त्यांच्याशी कसलाही संबंध नसलेल्या ठिकाणी सुरू झाला होता. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या लाखाच्या पुढे आहे. त्यांत आगीनगाडी आहे. ती भावाला, नवऱ्याला, लेकाला मुंबईला नेते, कधी परत आणते, कधी आणत नाही. पहाटेच्या अंधारात दोन बायका समोरासमोर बसून दगडाचे एक चाक फिरवीत आहेत आणि त्याच्या लयीत लोखंडाच्या चाकाचे नाव घेत आहेत. पुढे गावोगाव विजेची गिरणी आली, जाती भिंतीला टेकून उभी राहिली, आणि ओव्या सांगताना पुष्कळ म्हाताऱ्यांना हात आधी गोल फिरवावा लागे, मग शब्द आठवत.